पहिल्या प्रतीचे पैसे कोण देतं?

१८ ऑगस्ट २०२०. पुण्यात तयार झालेला एक व्हिडिओ गेम त्या दिवशी जगभर विक्रीला आला. नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. करणारी कंपनी नॉडिंग हेड्स गेम्स, २०१७ साली पुण्यातच निघालेली. आणि हा गेम सगळ्यात आधी मिळत कुठं होता? निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर. आता गंमत बघा. स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकानसुद्धा भारतासाठी उघडलेलं नव्हतं. म्हणजे गेम करणाऱ्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या पोराला तो खेळायचा असेल, तर त्यानं आधी परदेशातून आलेलं यंत्र पैदा करायचं, मग दुसऱ्याच देशाच्या नावानं खातं उघडायचं आणि मग पुण्यातला गेम पुण्यात विकत घ्यायचा!

असं का केलं असेल कोणी? पुणेकरांच्या अंगी विक्षिप्तपणा असतो म्हणून? छे. या कोड्याचं उत्तर शोधायला निघालं की एका अजब धंद्याच्या पोटात शिरता येतं. तिथं यंत्र विकणारा तोट्यात विकतो, गेम फुकट वाटणारा फायद्यात राहतो, आणि गेमचे सगळ्यात मोठे खरेदीदार तो गेम खेळतच नाहीत.

आधी ‘राजी’ची ओळख करून घेऊ. राजी ही कसरतीचे खेळ करत फिरणारी मुलगी. ऐन रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते आणि पोरगी भावाच्या शोधात निघते. वाटेत राजस्थानी कमानी लागतात, झरोके लागतात, मध्येच बाली बेटावरच्या देवळांची आठवण येते. रंग पहाडी चित्रांचे. भिंतीवरच्या एखाद्या चित्रापाशी तुम्ही थबकलात, की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रातली गोष्ट बोलायला लागतात. कथेचे मधले प्रसंग तर चक्क पडद्यामागच्या सावलीच्या बाहुल्यांतून उलगडतात.

यातली एकेक कमान कोणीतरी बसून रंगवली आहे. राजी भिंतीवरून दोन पावलं धावते, खांबाला गिरकी घेते आणि असुराच्या डोक्यावर उतरते, ती एकेक हालचाल कोणीतरी डझनावारी वेळा करून, मोडून, पुन्हा केली आहे. हे काम वर्षानुवर्षं चालतं. दर महिन्याच्या एक तारखेला पगार द्यावे लागतात. आणि या सगळ्या काळात विक्री किती? शून्य.

इथंच या धंद्याची मूळ मेख आहे. ती नीट कळण्यासाठी जरा दक्षिणेकडे जाऊ. भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं त्या तंजावरच्या मुलखात, कुंभकोणमजवळ, नाचियार्कोविल नावाचं देवळाचं गाव आहे. तिथल्या पितळी समया प्रसिद्ध. त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. कावेरीकाठच्या मातीत साचा दाबायचा, वितळलेलं पितळ ओतायचं, बैठक, खांब, तेलाची वाटी आणि शेंड्यावरचा हंस हे भाग वेगवेगळे करायचे, घासून चकचकीत करायचे आणि आट्यांनी एकमेकांत बसवायचे. पहिली समई झाली. दुसरीला काय लागेल? तेवढंच पितळ. तेवढाच साचा. तेवढीच घासाई. शंभरावी समईसुद्धा आपल्या वाटचं पितळ मागणारच. म्हणून समईवाल्याचा खर्च आणि त्याची कमाई हातात हात घालून चालतात.

गेमचं अगदी उलटं. पहिली प्रत सगळं गिळते : पगार, भाडं, वीज, चार-पाच वर्षांचं आयुष्य. आणि दुसरी प्रत? बटण दाबायचं, फाइल उतरली. दहा लाखावी प्रतही तशीच, जवळजवळ फुकट. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकानं खिशात हात घालायच्या आधीच सगळा खर्च होऊन गेलेला असतो! व्हिडिओ गेमच्या धंद्याची पन्नास वर्षं म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत : या पहिल्या प्रतीचे पैसे कोणी द्यायचे?

हे पैसे असतात तरी किती? कंपन्या हा आकडा कुलपात ठेवतात. पण २०२३ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात एक मजा झाली. मायक्रोसॉफ्टच्या एका मोठ्या खरेदीवर खटला चालू होता आणि सोनीनं काही कागद दाखल केले होते. गोपनीय आकडे काळ्या मार्करनं खोडलेले. कागद स्कॅन झाले, आणि मार्करच्या काळ्या पट्ट्याखालून अक्षरं दिसायला लागली! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ : सुमारे २२ कोटी डॉलर. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ : २१.२ कोटी डॉलर, पाच वर्षं, तीनशे माणसं. २२ कोटी डॉलर म्हणजे त्या वेळच्या दरानं अठराशे कोटी रुपये. एका गेमच्या एका प्रतीचे!

मग सोनीसारखी कंपनी हे पैसे उभे कुठून करते? कन्सोल विकून? चला, कन्सोल उघडूनच बघू.

२००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ बाजारात आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेनं तो खरोखरच उघडला आणि आतल्या एकेका भागाची किंमत मांडली. स्वस्तातल्या मॉडेलचा हिशोब झाला सुमारे ८०६ डॉलर. दुकानातली किंमत? ४९९ डॉलर. एक खोकं विकलं की तीनशे डॉलरचं नुकसान. जितकी विक्री जास्त तितका खड्डा मोठा! मायक्रोसॉफ्टचंही तेच. २०२१ च्या मे महिन्यात ॲपल आणि एपिक ही गेम कंपनी यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्ष लॉरी राइट यांना विचारलं गेलं, की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कधी नफा झाला का? त्यांनी शपथेवर सांगितलं, कधीच नाही.

या औदार्याचा फायदा कोणी घ्यावा? अमेरिकेच्या हवाई दलानं! त्यांच्या संशोधन प्रयोगशाळेला महासंगणक हवा होता. एवढी गणनशक्ती एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठं मिळणार? त्यांनी १,७६० प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडले आणि २०१० मध्ये ‘कॉन्डोर क्लस्टर’ उभा केला. आता विचार करा, एका गिऱ्हाइकानं तुमची सतराशेहून जास्त यंत्रं उचलली आणि तरी तुमच्या गल्ल्यात काहीच पडू नये! कारण सोनीची खरी कमाई पुढं असते, गेमच्या विक्रीत. आणि हवाई दलाला गेम कशाला हवेत?

कमाईची रीत अशी : त्या यंत्रावर जगातल्या कुणाचाही गेम विकला गेला, की यंत्रवाल्याचा वाटा ठरलेला. आजच्या ऑनलाइन दुकानांत तो साधारण ३० टक्के असतो. पण दुसऱ्याच्या गेमवर हा टोल बसवायचा अधिकार आला कुठून? तो एका छोट्याशा चिपमधून आला.

१९८० च्या आसपास अटारीच्या यंत्रासाठी कोणीही कार्ट्रिज बनवू शकत असे. बनवलीही. इतकी, आणि इतकी भिकार, की १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजारच कोसळला. निन्टेन्डोनं तो धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात एक कुलपाची चिप घातली आणि प्रत्येक अस्सल कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार किल्लीची चिप. दोघी सतत एकमेकींशी खुणा जुळवत राहतात. खुणा जुळल्या नाहीत की यंत्र दर सेकंदाला स्वतःला रीसेट करतं आणि पडदा नुसता लुकलुकत राहतो. किल्ली फक्त निन्टेन्डोकडे. गेम काढायचाय? कार्ट्रिज आमच्याकडूनच बनवून घ्या, पैसे आधी मोजा, आणि वर्षाला पाचच गेम!

मग नव्वदीत आपल्या गल्लीबोळात ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ आणि त्या ‘९९९ इन वन’ कार्ट्रिज कशा काय चालल्या? कारण आपल्याकडे आलेली नकली यंत्रं निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची, फॅमिकॉमची, भावंडं होती. आणि फॅमिकॉम १९८३ चा, कुलपाच्या चिपच्याही आधीचा! त्याला कुलूपच नव्हतं. आपलं अख्खं बालपण त्या दोन वर्षांच्या फटीतून आत आलं.

तर कन्सोलचा हा हिशोब अनेक वर्षं चालला. यंत्रावर पाणी सोडायचं, टोलवर कमवायचं, त्यातून स्वतःचे भव्य गेम काढायचे. पण यात पुण्यातल्या लहान कंपनीला जागा कुठं होती? दुकानातल्या फळीवर डिस्क मांडायची तर छपाई, वाहतूक, वितरक, सगळं आलं. तिथं मोठ्यांचीच वर्णी.

मग दोन दारं उघडली. डिस्कऐवजी गेम इंटरनेटवरून उतरू लागले आणि फळीला अंतच उरला नाही. दुसरं दार अवजारांचं. ‘अनरिअल’ हे गेम बनवायचं इंजिन मार्च २०१५ मध्ये एपिक कंपनीनं सगळ्यांना फुकट करून टाकलं. आधी वापरा, गेम चालला तर ५ टक्के द्या. पुढं २०२० मध्ये पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर तेही माफ. ‘राजी’ याच इंजिनावर उभी आहे. हॉलिवूडला परवडणारं अवजार पुण्यात फुकट! पण अवजार फुकट झालं तरी पोट फुकट भरत नाही. पगाराची एक तारीख तिथंच.

मग लोकांकडूनच मागितले तर? हाही प्रयोग झाला आणि सुरुवातीला त्यानं डोळे दिपवले. २०१२ मध्ये डबल फाइन या कंपनीनं किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या संकेतस्थळावर चार लाख डॉलर मागितले. मिळाले तेहतीस लाखांहून जास्त, ८७ हजार लोकांकडून. गेम अजून कागदावरही धड नव्हता! २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीनं ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, ५७ हजार मिळाले. त्या चिमूटभर पैशातून ‘हॉलो नाइट’ निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ आला तेव्हा गर्दी अशी उसळली की मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही काळ आडवी झाली.

पुण्याच्या चमूनंही २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टरचं दार वाजवलं. उद्दिष्ट पुरं झालं नाही. आणि किकस्टार्टरचा नियम कडक आहे : आकडा गाठला नाही तर एक पैसाही हाती येत नाही, ज्याचे त्याला परत. म्हणजे गेम आवडणारी माणसं होती, पैसे द्यायला तयारही होती, पण पुरेशी नव्हती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आता बघा, एकामागून एक कोण कोण दारात येतं ते. आणि प्रत्येकाला विचारा, बाबा रे, तुला नक्की हवंय काय?

पहिली आली एपिक, तीच इंजिनवाली. ‘फोर्टनाइट’ या गेमनं तिच्याकडे पैशाचा धबधबा सुरू केला होता. २०१९ मध्ये तिनं दहा कोटी डॉलरची ‘मेगाग्रँट्स’ योजना काढली : पाच हजार ते पाच लाख डॉलरपर्यंत मदत, परतफेड नाही, कंपनीत हिस्सा नाही, गेमची मालकी करणाऱ्याचीच. ‘राजी’ला यातून अनुदान मिळालं. दानधर्म? तसा दिसतो खरा. पण अनरिअलवर केलेला प्रत्येक देखणा गेम म्हणजे अनरिअलची चालतीबोलती जाहिरात. तो पाहून आणखी हजार जण तेच इंजिन उचलतात, आणि त्यातला एखादा तुफान चालला की त्याचे ५ टक्के आहेतच.

दुसरा आला प्रकाशक, ‘सुपर डॉट कॉम’. गेमच्या धंद्यात प्रकाशक साधारणपणे ॲडव्हान्स देतो, जाहिरात बघतो, वेगवेगळ्या यंत्रांवर गेम बसवून घेतो. विक्री सुरू झाली की आधी आपले पैसे वसूल करतो आणि मग करणाऱ्याची रॉयल्टी सुरू होते. त्याला एकच गेम नको असतो. त्याला दहा गेमची पेटी हवी असते, कारण त्यातला एक चालला की बाकी नऊ निभतात.

तिसरी आली निन्टेन्डो, आणि पहिलं कोडं इथं सुटलं. कन्सोलवाल्यांना आपल्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणायचं असतं की हे फक्त आमच्याकडे मिळेल. लहान गेमच्या बाबतीत हे काही आठवड्यांपुरतं असतं. बदल्यात करणाऱ्याला काय मिळतं? कधी रोख रक्कम, कधी तांत्रिक मदत, आणि कधी पैशानं न मिळणारी गोष्ट : व्यासपीठ. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ‘इंडी वर्ल्ड’ कार्यक्रमात ‘राजी’ झळकली आणि त्याच क्षणी दुकानात हजर झाली. जगभरचे स्विचवाले तो कार्यक्रम बघत बसलेले असतात. भारतात यंत्र विकत नाहीत? नसूदेत. गिऱ्हाईक बसलंय तिथं गेम आधी पोचला. बाकीची यंत्रं आली १५ ऑक्टोबरला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’चं नामांकन झालं.

चौथी आली मायक्रोसॉफ्ट, २०२१ च्या जुलैमध्ये. आणि तिच्यासोबत आला या धंद्याचा सगळ्यात मोठा उलटफेर.

जून २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘गेम पास’ सुरू केला होता, ‘राजी’ त्यातच गेली. महिन्याला दहा डॉलर भरा आणि शंभराहून जास्त गेम हवे तेवढे खेळा. पुढच्याच वर्षापासून कंपनीचे स्वतःचे नवेकोरे गेमही पहिल्याच दिवशी त्यात यायला लागले. आता यात बाहेरच्या गेमवाल्याला पैसे मिळतात कसे? तुम्ही दहा मिनिटं खेळलात की दहा तास, त्यावरून? कधीकधी तसंही ठरतं. पण पुष्कळदा सौदा सरळ असतो : एवढी ठोक रक्कम घे, वर्षभर गेम आमच्याकडे राहू दे.

ही ठोक रक्कम ठरते कशी? पुन्हा कोर्टाचे उपकार! २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे काही अंतर्गत ईमेल उघडे पडले. वर्षभरापूर्वीच्या त्या पत्रव्यवहारात कोणत्या गेमसाठी किती मोजावे लागतील याचे अंदाज होते. ‘स्टार वॉर्स जेडाय : सर्व्हायव्हर’ला तीस कोटी डॉलर. आणि ‘बाल्डर्स गेट ३’ला? पन्नास लाख. फक्त. हा तोच गेम, जो बाहेर आल्यावर २०२३ मधले जवळजवळ सगळे मोठे पुरस्कार घेऊन गेला! या धंद्यात आयुष्य घालवलेल्या, ज्यांच्याकडे जगातली सगळी आकडेवारी आहे अशा माणसांनासुद्धा पहिली प्रत बाहेर येईपर्यंत तिची किंमत सांगता येत नाही.

एपिकच्या ऑनलाइन दुकानाचे आकडे तर आणखी बोलके. ते दर आठवड्याला एखादा गेम फुकट वाटतात. करणाऱ्याला मात्र पैसे मोजतात. ‘सबनॉटिका’साठी १४ लाख डॉलर दिले. सप्टेंबर २०१९ पर्यंत ३८ गेमवर खर्च झाला सुमारे एक कोटी सोळा लाख डॉलर, आणि आले पन्नास लाखांच्या आसपास नवे खातेदार. भागाकार करा. एका माणसाला दुकानात आणायचा खर्च अडीच डॉलरसुद्धा नाही! म्हणजे एपिकनं ‘सबनॉटिका’ विकत घेतला का? तिनं तुम्हाला विकत घेतलं.

आणि तरीही या वर्गणीच्या युगानं एक सुंदर गोष्ट केली. ‘वेण्बा’ घ्या. टोरांटोच्या विसै गेम्सचा हा चिमुकला गेम ३१ जुलै २०२३ ला आला आणि पहिल्याच दिवशी गेम पासमध्ये होता. १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेलं एक तमिळ जोडपं, आईची जीर्ण झालेली पाककृतींची वही, पुसट झालेल्या ओळी. तुम्ही करायचं काय? स्वयंपाक. पहिला पदार्थ इडली. पात्रातल्या ताटल्या अशा रचायच्या की खालच्या साच्याच्या डोक्यावर वरचा साचा येऊ नये, नाहीतर वाफ वर पोचत नाही. आपल्या घरी हे पोरासोरांना ठाऊक असतं. तिकडे ते कोडं झालं, आणि आयुष्यात इडली न पाहिलेल्या माणसांनी डोकं खाजवत ते सोडवलं! २०२४ मध्ये ‘वेण्बा’नं पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. एरवी किती जणांनी इडलीच्या गेमवर पंधरा डॉलर टाकले असते? वर्गणी भरून बसलेल्याला मात्र चव घ्यायला काही लागत नाही.

‘राजी’कडे पाचवा आला नेटफ्लिक्स. सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीनं मोबाइलवर गेमही द्यायला सुरुवात केली, आणि त्यात ‘राजी’ होती. नेटफ्लिक्सला काय हवं होतं? मालिका संपल्यावर तुमचं बोट ‘सदस्यत्व रद्द’ या बटणाकडे जाऊ नये, एवढंच.

मात्र वर्गणीलाही तिची अडचण आहे. ‘हाय-फाय रश’ हा जपानी चमूचा गेम जानेवारी २०२३ मध्ये थेट गेम पासमध्ये उतरला. समीक्षक खूश, खेळाडू तीस लाख. आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो करणारी टँगो गेमवर्क्स बंद करायचं जाहीर केलं! क्राफ्टन या कोरियन कंपनीनं ऑगस्टमध्ये तिला हात दिला म्हणून ती वाचली. तीस लाख खेळणारे म्हणजे तीस लाख विकत घेणारे नव्हेत, हा धडा अख्ख्या धंद्यानं त्या दिवशी घेतला.

आता हिशोब पुन्हा हलतोय. गेम पासची वार्षिक कमाई पाच अब्ज डॉलरच्या घरात गेली. पण २०१९ मध्ये १४.९९ डॉलरला मिळणारा त्याचा वरचा प्रकार ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ डॉलरला झाला. बरोबर दुप्पट. कन्सोलची कहाणी तर जगावेगळी. प्लेस्टेशन २ हा २००० मध्ये २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. यंत्र म्हातारं झालं की स्वस्त होणार, हा जणू निसर्गनियम होता. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्या वर्षी ५४,९९० ला गेला. अमेरिकेतही २०२५ मध्ये तो ४९९ वरून ५४९ डॉलरवर चढला. जुनं यंत्र नव्यापेक्षा महाग! चिप पूर्वीसारख्या वर्षागणिक स्वस्त होत नाहीत, वर आयातकराचा भार. खोकं तोट्यात विकायची ऐपत संपत चालली आहे.

आणि खोक्याचा गर्वही. २००१ पासून मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलची शान असलेला ‘हेलो’ आता सोनीच्या प्लेस्टेशनवर येणार, अशी घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. वीस वर्षं या दोन यंत्रांवरून भांडणाऱ्या पोरांना आता भांडायला दुसरा विषय शोधावा लागेल.

या पडझडीत लहान गेमवाल्यांचं काय? गंमत अशी, की आता यंत्रवालेच पत्ता शोधत इकडे येताहेत. सोनीनं २०२३ मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ सुरू केला : निवडलेल्या भारतीय गेमना पैसे, मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर जागा. त्यात मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ आहे. एका संग्रहालयाच्या दालनांतून फिरता फिरता मानवी तस्करीची कहाणी उलगडणारा. गोव्यात बसून रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना यांनी केलेला ‘फिशबोल’ आहे. एकट्या राहणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीचा एक महिना मांडणारा. क्राफ्टननंही त्याच वर्षी भारतात स्वतःचं इनक्युबेटर उघडलं. आणि पुण्याच्या चमूनं ‘राजी : कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा केली आहे.

जरा मागं वळून मोजा. ‘राजी’साठी कोणी पैसे दिले, कोणी जागा दिली. एकाला इंजिन खपवायचं होतं, एकाला पेटी भरायची होती, एकाला यंत्राची शान वाढवायची होती, एकाला वर्गणीदार हवे होते, एकाला ते टिकवायचे होते. पाच आश्रयदाते, पाच मतलब, आणि गोलूचं पुढं काय झालं हे कळावं म्हणून आलेला त्यात एकही नाही! तरी गेममध्ये दुर्गा आहे, पहाडी रंग आहेत, रक्षाबंधन आहे. कोणाच्या मतलबाचा डाग त्यावर पडलेला दिसत नाही. कारण त्यातल्या प्रत्येकाचं काम गेम असण्यानं आणि चांगला असण्यानंच होणार होतं. मला यातलं खरं आश्चर्य हे वाटतं.

या रांगेत आता एक नवा चेहरा उभा राहिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीचं धोरण मंजूर केलं : २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपयांचा. सरकारला काय हवंय? रोजगार, गुंतवणूक, निर्यात. म्हणजे सहावा आश्रयदाता, आणि त्यालाही गेम खेळायचा नाहीये!

हरकत नाही. पहिली प्रत निघाल्याशी कारण. दुसरीपासून पुढचं आपण, खेळणारे, बघून घेऊ.